पत्ता आणि मैत्री
(हीरक महोत्सवानिमित्त फरीदाबाद येथे भरलेल्या, दिल्ली परिसरातील माजी विद्यार्थ्यांच्या मेळाव्यातील भाषण)



शाळेच्या हीरक महोत्सवाचा हा मेळावा शाळेपासून इतक्या दूर, फरीदाबादेत भरावा यात एक औचित्य आहे. जहांगीर बादशहाचा खजिनदार शेख फरीद याने १६०७ मध्ये वसवलेले हे गाव. मात्र आजचे औद्योगिक नगर उभे राहिले ते फाळणीनंतर. बन्नू, डेरा इस्माइल खान या भागांतून आलेली निर्वासित कुटुंबे कुरुक्षेत्राच्या छावणीत होती. त्यांना अलवार, भरतपूरकडे पाठवण्याचे घाटत होते. त्या कुटुंबांनी पांगण्यास नकार दिला आणि सत्याग्रह केला. घरदार, जमीनजुमला सीमेपलीकडे राहिला होता. निदान शेजार तरी सुटू नये, एवढीच त्यांची मागणी होती. डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या अध्यक्षतेखालील मंडळाने १९४९ पासून त्यांच्यासाठी येथे नवे नगर वसवण्याचे काम हाती घेतले.

पुढे कारखान्यांतील नोकरीनिमित्त मराठी माणसे या नगरात आली, ती मात्र एकेकटी. त्यांचे वर्गमित्र कोणी नागपुरास, कोणी पुण्यास, कोणी परदेशी. मैत्रीची सारी भिस्त पोस्टकार्ड, आंतर्देशीय पत्र आणि उन्हाळ्याच्या सुटीतील गावाकडच्या फेरीवर असे. एक बदली झाली, एक घर बदलले, की पत्र परत येई आणि धागा तुटे.

या तुटण्याची सर्वांत मोठी झळ विद्यार्थिनींना लागली. शाळेच्या पटावर माहेरचे नाव, दारावरच्या पाटीवर सासरचे. दहा वर्षे एका बाकावर बसलेली मैत्रीण कोणत्या आडनावाने, कोणत्या गावी शोधावी? पुरुषांची मैत्री पत्ता हरवल्याने तुटली; स्त्रियांची पुष्कळदा नावच बदलल्याने.

जानेवारी २००४ मध्ये गूगलचा अभियंता ऑर्कुट ब्युक्कोक्तेन याच्या नावाने एक संकेतस्थळ सुरू झाले. ब्राझील आणि भारत या दोन देशांनी ते विशेष आपलेसे केले. शाळेचे नाव लिहावे आणि विस्मृतीत गेलेले चेहरे समोर यावेत, हा अनुभव त्या काळी नवलाचा होता. त्याच वर्षी फेसबुकचा जन्म झाला. तेथे अनेक स्त्रियांनी सासरच्या नावाआधी माहेरचे आडनावही लिहिले, ते मैत्रिणींना ओळख पटावी म्हणून. वीस-पंचवीस वर्षांची ताटातूट त्या एका शब्दाने संपली. या माध्यमांवर टीका करणाऱ्याने हे ऋण आधी मान्य केले पाहिजे.

परंतु ३० सप्टेंबर २०१४ रोजी ऑर्कुट बंद झाले. तेथील मंडळे, गप्पा, थट्टामस्करी यांची वर्दळ थांबली. ज्यांनी मध्यंतरी एकमेकांचे दूरध्वनी क्रमांक घेतले होते, एखादी भेट घडवली होती, त्यांची मैत्री पुढे चालली. ज्यांनी सारा भार संकेतस्थळावर टाकला होता, त्यांना शोध पुन्हा आरंभावा लागला.

आज ती जागा व्हॉट्सअ‍ॅपच्या गटांनी घेतली आहे. एका गटात १०२४ सदस्य मावतात. मनुष्याच्या मनाची क्षमता मात्र तेवढी वाढलेली नाही. ऑक्सफर्डचे मानसशास्त्रज्ञ रॉबिन डनबार यांनी ब्रिटनमधील तीन हजारांहून अधिक फेसबुक वापरकर्त्यांची पाहणी २०१६ मध्ये प्रसिद्ध केली. प्रत्येकाच्या यादीत सरासरी दीडशेच्या आसपास मित्र होते. संकटात ज्यांच्यावर विसंबावे असे सुमारे चारच.

गटात रोज पहाटे सुप्रभातीची फुले येतात, वाढदिवसाला शुभेच्छांची रांग लागते. या गजबजाटात एखादा सदस्य चार महिने काहीच बोललेला नाही, हे कोणाच्या ध्यानात येत नाही. त्याची नोकरी गेलेली असते, घरी आजारपण असते, किंवा इतरांच्या नव्या घरांची, परदेशवारीची छायाचित्रे पाहून तो हळूहळू मागे सरलेला असतो. समोरासमोरच्या बैठकीत रिकामी खुर्ची दिसते; गटात मात्र मौन दिसत नाही. मग एके दिवशी अकस्मात त्याच्या निधनाची वार्ता येते, हात जोडल्याच्या खुणांची रीघ लागते, आणि तो आजारी होता हे चाळीस वर्गमित्रांपैकी एकालाही ठाऊक नसते.

दोष यंत्राचा नाही. पत्ता जपण्याचे काम ते चोख करते. मैत्री जपण्याचे काम त्याच्याकडे सोपवले गेले, ही चूक माणसांची. छावणीतील निर्वासितांना एकमेकांचे पत्ते पुरेसे वाटले नाहीत. त्यांना एकमेकांच्या हाकेच्या अंतरावर राहायचे होते. आज तसे राहणे सर्वांस शक्य नाही. परंतु हाक मारणे शक्य आहे.

म्हणून माजी विद्यार्थ्यांना एवढीच विनंती: आज घरी परतल्यावर आपल्या तुकडीच्या गटातील सर्वांत गप्प असलेले नाव शोधावे आणि गटात न लिहिता त्याला थेट फोन करावा. माजी विद्यार्थिनींनी माहेरचे व सासरचे, दोन्ही नावे शाळेच्या नोंदवहीत लिहावीत. आणि पालकांनी मुलांना मोबाइल देताना त्यांच्या दोन मित्रांना घरी जेवायला बोलवावे.

शाळेच्या या महोत्सवास मनःपूर्वक शुभेच्छा.