समुद्र नसलेल्या गावातला मार्च

हेडफोन नीट लावा, कारण आजचा एपिसोड गच्चीवर रेकॉर्ड केलाय. मागे तांबट पक्षी टुक-टुक करून राहिला, तो काही थांबायचा नाही.

तर झालं असं की, आमच्या टीममधली रत्नागिरीची मैत्रीण मार्चमध्ये दोन दिवस धरमपेठेत माझ्याकडे आली होती. पहिलाच प्रश्न: "नागपुरात बघायचं काय गं? समुद्र तर नाही." खरंय. समृद्धी महामार्गाने मुंबई गाठायची तरी ७०१ किलोमीटर. म्हटलं, चल, चौपाटी दाखवते.

पण आधी पोहे. आमच्याकडे पोह्यांवर चण्याची लालभडक तर्री ओततात, आणि कोरडे पोहे मागणाऱ्याकडे टपरीवाला दयेने बघतो. तिला दुसऱ्या घासाला ठसका लागला, पण तर्री पुन्हा मागितली. मग गोकुळपेठेच्या बाजारात ती गोंधळली. भाजीवाली म्हणाली, "ताई, सांबार घ्या," तर ही इडलीसोबतचं सांबार शोधत राहिली! आपल्याकडे सांबार म्हणजे कोथिंबीर, आणि तिची आईच्या हातची सांबारवडी तिने रात्री जेवणात सहा खाल्ल्या. मी मोजल्या.

संत्र्यांचा विषय निघाला. तिला वाटायचं संत्रं थंडीतलंच. थंडीच्या सुरुवातीला येतो तो आंबिया बहार. पावसाच्या सुरुवातीला जी झाडं फुलतात, त्यांचं फळ फेब्रुवारी-मार्चमध्ये येतं, तो मृग बहार. नागपुरी संत्र्याला २०१४ साली भौगोलिक मानांकन मिळालं, हे मी जरा जास्तच अभिमानाने सांगितलं. त्यावर ती शांतपणे म्हणाली, "आमचा हापूस बघू मेमध्ये." असो.

दुपारी काटोल रोडने गोरेवाड्याकडे गेलो. पळस पेटलेला. पान एक नाही, सगळी केशरी फुलं. ती गाडीतून उतरून दहा मिनिटं नुसती उभी होती, फोटोसुद्धा काढला नाही. आणि संध्याकाळी फुटाळा. भोसल्यांच्या काळातला तलाव, काठावर भुट्टे, कट्ट्यावर बसलेली अर्धी पोरं परीक्षेचा अभ्यास सोडून आलेली. आम्ही याला चौपाटीच म्हणतो. ती म्हणाली, "लाटा नाहीत, पण वारा आहे." रत्नागिरीकराकडून एवढं सर्टिफिकेट खूप झालं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने गच्चीवर मातीची पाच पसरट भांडी पालथी ठेवलेली पाहिली. एकाला तडा. "हे काय?"

आता हे सांगायला मला जड जातं. मागच्या वर्षी २० मार्चला, जागतिक चिमणी दिनाला, मी ती मांडली होती. पाणी भरलं, रील टाकलं, लाइक्स आले. एप्रिलभर रोज भरलं. साळुंक्या आल्या, बुलबुल आले, एक खार तर ठरल्या वेळी यायची. मग मेमध्ये ऑफिसने दोन आठवडे पुण्याला बोलावलं आणि मी बॅग भरून निघाले. कुणाला सांगितलं नाही. सुचलंच नाही! कामावर साधा सर्व्हर सोडून जाताना आम्ही चार पानांचं हँडओव्हर लिहितो.

परत आले तेव्हा पारा ४५ च्या वर. भांडी कोरडी, तळाला पांढरा थर. आणि दोन साळुंक्या कूलरच्या गळणाऱ्या नळीखालच्या ओल्या डागावर चोच मारत होत्या. माझ्याकडेच पाणी मिळतं, ही सवय मीच लावली होती ना त्यांना.

मैत्रीण काही बोलली नाही. खाली जाऊन नारळाची शेंडी घेऊन आली आणि भांडी घासायला बसली. साबण लावायचा नाही, नुसतं घासायचं. पाणी रोज बदलायचं, नाहीतर आठवड्याभरात त्यातून डास निघतात. भांडं सावलीत ठेवायचं, आत एक दगड टाकायचा, म्हणजे मधमाशी बुडत नाही. चार भांडी लागली, तडा गेलेल्यात आता दाणे असतात.

या वेळी बिल्डिंगच्या ग्रुपवर पाळ्या लावल्यात. तिसऱ्या मजल्यावरच्या आजी सोमवार-मंगळवार, चौकीदार काका बुधवार, गुरुवार माझा, बाकीचे दिवस वाटलेले. आजींनी तर मला बजावलंय, "रील नको काढू बे पोरी, पाणी भर."

फक्त १० ते १४ मे रिकामे आहेत. मी पुण्याला, आजी लेकीकडे, काका गावी लग्नाला. धरमपेठेत कुणी राहत असेल आणि सकाळी सातला दहा मिनिटं काढू शकत असेल, तर मेसेज करा. गच्चीची चावी काकांच्या टेबलाच्या खणात ठेवून जाते.