बांबूचे काटे आणि विद्याशाखांच्या भिंती



‘आंतरविद्याशाखीय’ हा शब्द हल्ली प्रत्येक विद्यापीठाच्या माहितीपत्रकात झळकतो. व्यवहारात पुष्कळदा वनस्पतिशास्त्रज्ञ एक प्रकरण लिहितो, समाजशास्त्रज्ञ दुसरे, आणि बाइंडर दोन्ही एका पुठ्ठ्यात बांधतो. त्या पुठ्ठ्याला संशोधन म्हणायला माझी तयारी नाही. एका विषयाचे उत्तर दुसऱ्या विषयाचा प्रश्नच बदलून टाकते, तेव्हा आंतरविद्याशाखीय संशोधन सुरू होते.

परिसरशास्त्रज्ञ माधव गाडगीळ यांनी १९७५पासून कर्नाटकात केलेला बांबूचा अभ्यास पाहा. कागद गिरण्यांमुळे बांबू संपत चालल्याची बुरुडांची तक्रार होती. बांबूच्या बेटांच्या बुडाशी काटेरी जाळे असते. कोंभ मोकळे वाढावेत म्हणून वनखाते ते साफ करवी. गावकरी सांगत, काटे गेले की कोवळे कोंभ गुरे खातात. प्रत्यक्ष पाहणीत गावकरी खरे ठरले. इथवर हे जीवशास्त्र. पण गिरणीला बांबू जवळजवळ फुकट मिळत होता आणि बुरुडाला तोच शेकडो पटींनी महाग. फुकटच्या मालाची निगा कोण राखणार? काट्यांचा प्रश्न असा किमतीच्या आणि मालकीच्या प्रश्नाशी जाऊन भिडला.

यावर आक्षेप येतो, की सगळीकडे हात घालणाऱ्याचा एकाही विषयात पाय रोवला जात नाही. धोका खरा आहे. मात्र गाडगीळ हार्वर्डमध्ये गणिती परिसरशास्त्र शिकून आले होते. गावकऱ्यांचे म्हणणे त्यांनी भाबडेपणाने स्वीकारले नाही, तपासून घेतले. एका विषयात खोल गेलेल्यालाच आपला विषय कुठे संपतो ते नेमके कळते.

दुसरा आक्षेप अधिक बोचरा आहे. गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालील पश्चिम घाट समितीने २०११ मध्ये अहवाल दिला, निर्णयात ग्रामसभांना स्थान द्या असे सांगितले, आणि विरोध झाला तो केरळात, कोकणात, घाटातल्याच माणसांकडून. मग शास्त्रज्ञाने प्रयोगशाळेतच राहिलेले काय वाईट? पण दरडींकडे पाहा: माळीण गाव २०१४ मध्ये गाडले गेले, इर्शाळवाडी २०२३ मध्ये, वायनाडची गावे २०२४ मध्ये. पावसाचा जोर वाढतो आहे, तरी तेवढ्याच पावसात प्रत्येक उतार कोसळत नाही. तिथला खडक, माती, डोंगरातले खोदकाम आणि वस्तीची जागा यांचा हिशेब एकत्र मांडावा लागतो, आणि तो प्रयोगशाळेत पुरा होत नाही. विरोधाचे एक कारणही नोंदवायला हवे. लोकांना विचारा असे सांगणारा तो इंग्रजी अहवाल सरकारने दाबून ठेवला. माहिती अधिकाराची लढाई न्यायालयापर्यंत गेल्यावर २०१२ मध्ये तो खुला झाला. तो गावात पोहोचण्याआधी अफवा पोहोचल्या होत्या. ज्यांच्या डोंगराविषयी तो होता, त्यांच्या भाषांत तो वेळेवर नेणे हे त्या संशोधनातलेच काम होते, आणि ते कुठल्याच विद्याशाखेच्या वाट्याला आले नव्हते.