सुरतेची शाळा आणि विद्यार्थ्याचे गाऱ्हाणे



‘महाजन’ हा शब्द गोमंतकात उच्चारला की देवालय, पालखी, सेवेची पाळी आणि वार्षिक सर्वसाधारण सभा ही चित्रे डोळ्यांपुढे उभी राहतात. १९३३ सालच्या नियमावलीने या संस्थेला कायद्याची चौकट दिली आहे. तापीकाठच्या सुरत शहरात मात्र हाच शब्द शतकानुशतके निराळ्या अर्थाने नांदला. तेथे महाजन म्हणजे व्यापाऱ्यांची संघटित पंचायत. तिचा शब्द पेढीवर आणि बाजारात चालत असे, आणि प्रसंगी तो सत्तेलाही ऐकावा लागे. १६६९ मध्ये काजीच्या जाचाला कंटाळून हजारो वाणी सुरत सोडून भडोचला निघून गेले. १८४४ च्या ऑगस्टात मिठावरील कर मणामागे आठ आण्यांवरून एक रुपया झाला, तेव्हा सारे शहर बंद पडले आणि सरकारला हात आखडता घ्यावा लागला. आपले गाऱ्हाणे चारचौघांत मांडावे आणि ऐकणाऱ्याने त्याचे उत्तर द्यावे, ही रीत त्या नगराच्या अंगी जुनीच आहे. ती रीत शाळेच्या उंबऱ्याआत कितपत शिरली, हा या व्याख्यानाचा विषय होय.

त्याच १८४४ साली सुरतेत आणखी एक गोष्ट घडली. तिचा गाजावाजा मिठाच्या दंग्याइतका झाला नाही. मराठी भाषेचे पाणिनी म्हणून ज्यांचा गौरव होतो ते दादोबा पांडुरंग तर्खडकर त्या सुमारास सुरतेच्या सरकारी इंग्रजी शाळेत अध्यापन करीत होते. त्यांचे मराठी व्याकरण १८३६ मध्येच प्रसिद्ध झाले होते. सुरतेत त्यांची गाठ दुर्गाराम मंछाराम मेहता या गुजराती शाळामास्तरांशी पडली. एकाची मायबोली मराठी, दुसऱ्याची गुजराती. एक मुंबईचा, दुसरा अस्सल सुरती. या दोघांनी काही समानधर्मी मित्रांसह २२ जून १८४४ रोजी ‘मानवधर्म सभा’ स्थापन केली. ईश्वर एक आहे, माणसाची योग्यता त्याच्या आचरणावरून ठरते, जन्मावरून नव्हे, आणि कोणतीही गोष्ट बुद्धीला पटल्यावाचून खरी मानू नये, असा तिचा आशय होता. मंत्रतंत्राचा व्यवसाय करणाऱ्यांना दुर्गाराम चारचौघांत आव्हान देत आणि त्यांचे सामर्थ्य सर्वांसमक्ष सिद्ध करून दाखवावयास सांगत. आज हे साधे वाटते. ज्या काळी विद्यार्थ्याने पंतोजीपुढे मान वर करणेदेखील उद्धटपणाचे मानले जाई, त्या काळी दोन शाळामास्तरांनी ‘विचारा, तपासून पाहा’ असे उघडपणे म्हणावे, ही गोष्ट लहान नव्हती.

पुढे दादोबा मुंबईस परतले आणि १८४९ च्या सुमारास तेथे परमहंस सभा सुरू झाली. तिचे ध्येय जवळपास तेच होते; पण सुरतेची सभा उघड भरे, मुंबईची गुप्त. जातिभेद मोडण्याचे व्रत बंद दाराआड घेतले जाई. १८६० मध्ये सभासदांची नावे बाहेर फुटली आणि मंडळी पांगली. एकाच माणसाच्या आयुष्यातील या दोन सभा शेजारी ठेवून पाहण्याजोग्या आहेत. हा सारा इतिहास मराठी वाचकापर्यंत पोहोचविणारे संशोधक अनंत काकबा प्रियोळकर हे गोमंतकातील प्रियोळचे सुपुत्र. दादोबांचे आत्मचरित्र संपादून त्यांनी १९४७ मध्ये प्रसिद्ध केले. श्रीमंगेशाच्या परिसरातून निघालेल्या एका अभ्यासकाने सुरतेच्या शाळामास्तरांची आठवण जागविली, याचा महाजन कुटुंबांना अभिमान वाटावा.

आता दादोबांच्या सुरतेतून आजच्या सुरतेत यावे. २०११ च्या जनगणनेत या महानगराची लोकसंख्या ४४ लाखांवर गेली. १९९१ मध्ये ती १५ लाखांच्या आसपास होती. म्हणजे वीस वर्षांत जवळजवळ तिप्पट. ही वाढ पाळण्यांनी झाली नाही, आगगाडीने झाली. ताप्ती व्हॅली रेल्वेच्या मार्गाने जळगाव, धुळे, नंदुरबारकडील खानदेशी कुटुंबे आली आणि उधना, लिंबायत, पांडेसरा, डिंडोली या भागांत स्थिरावली. ओडिशाच्या गंजाम जिल्ह्यातून यंत्रमाग चालविणारे कामगार आले. तेलंगणातून पद्मशाळी विणकर आले, सौराष्ट्रातून हिरे घासणारे कारागीर आले, उत्तर प्रदेश-बिहारमधून रंगाई-छपाईच्या गिरण्यांत राबणारे हात आले. या सर्वांच्या मुलांसाठी सुरत महानगरपालिकेची नगर प्राथमिक शिक्षण समिती सात माध्यमांच्या शाळा चालविते: गुजराती, मराठी, हिंदी, उर्दू, उडिया, तेलुगू आणि इंग्रजी. एका नगरपालिकेने मुलांना सात भाषांत अक्षरओळख करून द्यावी, ही व्यवस्था आपल्या देशातही विरळाच आहे. राज्यघटनेच्या ३५० अ या अनुच्छेदाने भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय करण्यास सांगितले, ते येथे बऱ्याच अंशी प्रत्यक्षात उतरले आहे.

परंतु या सद्गुणाच्या पोटातच एक उणीव दडलेली आहे. सात माध्यमे म्हणजे सात वर्ग, सात प्रार्थना, सात स्नेहसंमेलने. लिंबायतच्या एकाच गल्लीत शेजारी राहणारी मराठी, तेलुगू आणि उर्दू बोलणारी मुले सकाळी निरनिराळ्या रांगांत उभी राहतात. गल्लीत ती एकत्र क्रिकेट खेळतात, मोडक्यातोडक्या हिंदीत भांडतात आणि त्याच भाषेत समेटही करतात. शाळा मात्र त्यांना एकमेकांची ओळख करून देत नाही. डिसेंबर १९९२ मध्ये या शहरात दंगली उसळल्या, १९९४ च्या सप्टेंबरात प्लेगच्या भयाने लक्षावधी लोक मिळेल त्या गाडीने गावाकडे पळाले, ऑगस्ट २००६ मध्ये तापीचा पूर घराघरांत शिरला. अशा प्रसंगी शेजाऱ्याचे नाव ठाऊक असणे आणि नसणे यांतील अंतर फार मोठे असते.

आणखी एक गोष्ट बारकाईने पाहण्यासारखी आहे. मराठी माध्यमाच्या वर्गात बसलेल्या खानदेशी मुलाच्या घरची भाषा पुष्कळदा अहिराणी असते. पुस्तकातली मराठी त्याला परकी नसली तरी ती त्याच्या आजीच्या तोंडची नव्हे. त्यात गुजरात राज्याने २०१८ पासून प्राथमिक वर्गांत गुजराती विषय टप्प्याटप्प्याने सक्तीचा करण्यास आरंभ केला आणि २०२३ मध्ये त्यास कायद्याचे बळ दिले. याबद्दल तक्रार करण्याचा अधिकार मराठी माणसास फारसा नाही, कारण महाराष्ट्राने २०२० मध्ये मराठीसाठी अगदी तसाच कायदा केला. तात्पर्य, दहा वर्षांचे मूल घरी अहिराणी, वर्गात मराठी, तासाला गुजराती आणि इंग्रजी, रस्त्यावर हिंदी अशी कसरत रोज करीत असते. गोमंतकीय घरांना ही कसरत समजावून सांगण्याची गरज नाही. घरी कोंकणी, देवळातल्या कीर्तनात मराठी, कचेरीत एके काळी पोर्तुगीज आणि पुढे इंग्रजी, असेच आपल्या वडीलधाऱ्यांचे बालपण गेले. १९९० च्या आसपास प्राथमिक शाळांच्या माध्यमावरून गोव्यात जे वादळ उठले, त्यात सर्व बाजूंचे पुढारी तावातावाने बोलले. मुलांना मात्र कोणी काही विचारल्याचे आठवणार नाही.

असे मूल मुके असते असे मात्र नाही. आई सरकारी दवाखान्यात जाते तेव्हा डॉक्टरांचे गुजराती तिला तेच समजावून देते. रेशनच्या कचेरीत अर्ज तेच भरते, घरमालकाशी भाड्याची घासाघीस करताना बापाच्या शेजारी तेच उभे असते. सारे कुटुंब ज्याच्या जिभेवर विसंबते, तेच मूल वर्गात पाऊल टाकताच गप्प होते. कारण तेथे बोलणे म्हणजे विचारलेल्याचे पाठ केलेले उत्तर देणे, एवढाच अर्थ त्याला शिकविलेला असतो. ज्या शिक्षकांना हे दिसले त्यांनी पुढचे काम अर्धे केले, असे म्हणावयास हरकत नाही.

कायदा याविषयी गप्प नाही. बालहक्कांविषयीच्या आंतरराष्ट्रीय करारनाम्याच्या बाराव्या कलमाने आपल्याशी संबंधित बाबींत मत मांडण्याचा मुलाचा हक्क मान्य केला आणि भारताने डिसेंबर १९९२ मध्ये त्या करारनाम्याचा स्वीकार केला. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या एकोणतिसाव्या कलमात तर मूल भयमुक्त असावे आणि त्यास आपले विचार मोकळेपणी मांडता यावेत, असे स्पष्ट शब्दांत लिहिले आहे. केंद्राच्या नमुना नियमांनी शाळा व्यवस्थापन समितीत विद्यार्थ्यांना घेण्याचीही वाट मोकळी ठेवली आहे. कागद पक्का आहे. प्रश्न तो वर्गात कोण वाचतो, हा आहे.

या बाबतीत गुजरात आणि महाराष्ट्र यांच्यामध्ये एक जुना पूल आहे. भावनगरला गिजुभाई बधेका यांनी १९२० मध्ये बालमंदिर काढले. त्यांच्या ‘दिवास्वप्न’ या पुस्तकातील शिक्षक पहिल्याच दिवशी मुलांना शांततेचा खेळ खेळावयास सांगतो आणि मुले वर्गभर गोंगाट करून तो बेत उधळून लावतात. शिक्षक छडी उचलत नाही. आपलाच अंदाज चुकला हे मान्य करून दुसऱ्या दिवसापासून तो गोष्टी सांगू लागतो. गोंगाट हेही एक गाऱ्हाणेच होते आणि ते ऐकले गेले! या गिजुभाईंच्या कार्यात १९२३ मध्ये मुंबईच्या ताराबाई मोडक सामील झाल्या. पुढे १९४५ मध्ये त्यांनी सुरत-मुंबई लोहमार्गालगतच्या बोर्डी येथे काम सुरू केले आणि १९५७ मध्ये ते कोसबाडच्या टेकडीवर नेले. आदिवासी मुले शाळेत येत ना, कारण त्यांना गुरे राखावी लागत. ताराबाई आणि अनुताई वाघ यांनी मुलांना दोष दिला नाही. त्यांनी शाळाच कुरणात नेली आणि तिला ‘कुरणशाळा’ हे गोड नाव मिळाले. मुलाचे ऐकणे म्हणजे त्याचे लाड करणे नव्हे, आपली व्यवस्था बदलण्यास तयार असणे होय, हे या दोघींनी करून दाखविले.

आजकाल पुष्कळ शाळांत ‘बालसभा’ आणि ‘विद्यार्थी मंत्रिमंडळ’ असते. त्यातील बरेचसे नाटकच असते, हे स्पष्ट सांगितले पाहिजे. गुरुजींच्या आवडीचा मुलगा मुख्यमंत्री होतो, पाहुणे आले की त्याच्याकडून लिहून दिलेले भाषण वदवून घेतले जाते, आणि पाहुणे गेले की त्याच्याकडे फळा पुसण्याचे खाते राहते. राजस्थानात तिलोनियाच्या रात्रशाळांतील बालसंसद मात्र १९९३ पासून खरेखुरे काम करीत आली. शिक्षक वेळेवर येतात की नाही, यावरही मुलांचे प्रतिनिधी लक्ष ठेवतात. तेथील मुले दिवसा गुरे राखतात आणि रात्री कंदिलाच्या उजेडात आपले प्रतिनिधी निवडतात.

निवडणुकीचा मात्र एक दोष आहे. ती धीट मुलाला पुढे आणते. मागच्या बाकावरची, मध्येच नाव घातलेली, ओडिशाहून गेल्या महिन्यात आलेली मुलगी तशीच मागे राहते. यावर देवालयांची जुनी रीत उपयोगी पडण्याजोगी आहे. सेवेची पाळी मतांनी ठरत नाही. ती घराघराने फिरते आणि गरिबाच्या घरीही वेळेवर येते. बालसभेत बोलण्याची पाळी अशीच हजेरीपटाच्या क्रमाने फिरविली, तर कोणाला वगळता येणार नाही. दुसरी गोष्ट लेखी नोंदीची. मुलांनी काय विचारले, कोणी उत्तर दिले, कोणत्या तारखेस काय झाले, याची एक वही असावी आणि ती मुलांना केव्हाही पाहता यावी. जी मागणी मान्य होण्याजोगी नसेल तिच्यापुढे नकाराचे कारण लिहावे. विचारून उत्तर न देण्यापेक्षा मुळीच न विचारलेले बरे, कारण पहिल्या प्रकारात मूल खोटेपणा शिकते.

सुरतेच्या शाळांना एक संधी अनायासे लाभलेली आहे. कित्येक ठिकाणी एकाच इमारतीत दोन माध्यमांच्या शाळा सकाळ-दुपारच्या पाळ्यांत भरतात. पाळी बदलण्याच्या वेळी दोन्हीकडील मुले पटांगणात समोरासमोर येतात. महिन्यातून एकदा ती वेळ अर्ध्या तासाने वाढवून संयुक्त सभा भरविणे काही अवघड नाही. प्रत्येकाने आपल्या भाषेत बोलावे आणि दुसऱ्या मुलाने त्याचा अर्थ इतरांना सांगावा. दवाखान्यात आईसाठी दुभाषी होणारे मूल येथे मित्रासाठी दुभाषी होईल, आणि ज्या कामाची त्याला घरी सवय आहे त्या कामाचा मान त्याला प्रथमच शाळेत मिळेल. शिक्षकांनी एका बाजूस बसावे आणि शक्यतो हाताची घडी घालावी.

अशा पहिल्या सभेत बंधुभावाविषयी सुंदर विचार ऐकावयास मिळतील, अशी अपेक्षा कोणी ठेवू नये. मुले पाण्याच्या नळाविषयी बोलतील. मुलींच्या स्वच्छतागृहाला कडी नाही, पंखा फिरत नाही, दुपारच्या पाळीला बाक ओले मिळतात, सकाळची मुले बाकांवर नावे कोरून ठेवतात, असे त्यांचे गाऱ्हाणे असेल. ते क्षुल्लक म्हणून झटकू नये. नळ दुरुस्त व्हावा, कडी बसावी, आणि पुढील सभेच्या आरंभी तेवढेच वाचून दाखवावे. मग तिसऱ्या किंवा चौथ्या सभेत एखादे मूल उभे राहील आणि खाली मान घालून सांगेल की, मधल्या सुट्टीत आपल्याला नावाने नव्हे, प्रांताच्या नावाने हाक मारतात. त्या दिवशी पटांगणात नेहमीपेक्षा अधिक शांतता असेल, आणि उत्तर देण्याची पाळी दुसऱ्या माध्यमातल्या मुलांची असेल.