कॉलेजची फी, सरकारचा पैसा आणि आपला अर्ज

(तरुणांच्या एका शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी मला फोन केला तेव्हा म्हणाले, तुम्ही आयटीत आहात, मुलांशी करिअरवर बोला. मी म्हटलं, करिअरवर बोलणारे पुष्कळ आहेत, यूट्यूब त्यांनी भरून गेलंय. मी फीवर बोलतो. कारण आपल्याकडची बरीच मुलंमुली करिअरच्या अलीकडेच थांबतात, फीच्या काउंटरवर.

आधी माझं सांगतो. माझ्या अब्बांचा फळांचा गाडा होता. आम्ही बागवान. २००७ साली मी बारावी झालो आणि इंजिनिअरिंगला कॅपमधून, म्हणजे सरकारी केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून, नंबर लागला. फॉर्ममध्ये जातीच्या रकान्यात मी ओपन लिहिलं. का? तर शाळेच्या दाखल्यावर 'मुसलमान' एवढंच होतं. कॉलेजच्या क्लार्कला विचारलं, काही सवलत आहे का? तो मान वर न करता म्हणाला, तुम्हाला काही नसतं. मी ते खरं मानलं. अब्बांनी अम्मीच्या बांगड्या गहाण टाकल्या, उरलेले मामूंकडून घेतले.

दुसऱ्या वर्षी होस्टेलवर माझ्या खोलीत एक तांबोळी मुलगा आला. त्याची फी माझ्या निम्मी. मी विचारलं, हे कसं? तो म्हणाला, ओबीसीचा दाखला आहे. मी म्हटलं, तू तर मुसलमान आहेस. तो हसला. म्हणाला, आणि तू बागवान आहेस ना? बागवानपण यादीत आहेत.

मुस्लिमांमधल्या मागास जमातींना ओबीसीच्या सवलती मिळाव्यात म्हणून जालन्याच्या शब्बीर अन्सारींनी कितीतरी वर्षं महाराष्ट्र पिंजून काढला होता. दिलीपकुमार त्यांच्याबरोबर सभांना जात. १९९४ मध्ये शासन निर्णय निघाला. म्हणजे मी फॉर्मवर ओपन लिहिलं तेव्हा त्या गोष्टीला तेरा वर्षं झाली होती आणि आमच्या घरात ती पोचलीच नव्हती. शिवाय केंद्र सरकारची मेरिट-कम-मीन्स शिष्यवृत्ती अगदी त्याच सुमारास सुरू झाली होती, वर्षाला २० हजारांपर्यंत फी मिळायची. तीही मला कुणी सांगितली नाही.

दोन वर्षांनी माझी धाकटी बहीण बारावी झाली. तिला फार्मसी करायची होती. मार्क चांगले होते. घरात चर्चा झाली, म्हणजे चर्चा कसली, अब्बा म्हणाले एकाचीच फी झेपते. ती घरी बसली. हे मी आज इतक्या सरळपणे सांगतोय, पण यावर आम्ही दोघं भाऊबहीण आजही नीट बोललेलो नाही.

आता कामाचं बोलू.

पहिली गोष्ट. आपली मुलं मोबाईलवर शोधतात तेव्हा 'मायनॉरिटी स्कॉलरशिप' असं शोधतात. तिथे काही सापडलं नाही की बंद करतात. 'अल्पसंख्याक' या शब्दाखालचे दरवाजे कमी होत चाललेत. पीएचडी करणाऱ्यांसाठीची मौलाना आझाद फेलोशिप बंद केल्याचं डिसेंबर २०२२ मध्ये लोकसभेत सांगितलं गेलं. २०२३ मध्ये केंद्रीय मंत्रालयाने अल्पसंख्याक शिष्यवृत्ती घेणाऱ्या १५७२ संस्था तपासल्या, त्यातल्या ८३० बोगस निघाल्या. १४४ कोटींहून जास्त रक्कम. प्रकरण सीबीआयकडे गेलं. दलालांनी खाल्लं आणि नाव आपल्या पोरांचं खराब झालं. यावर राग यायलाच हवा. पण आपल्या वाट्याचा बराच पैसा अशा योजनांत आहे, ज्यांच्या नावात 'अल्पसंख्याक' हा शब्दच नाही.

राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती घ्या. खुल्या प्रवर्गातल्या, कुटुंबाचं उत्पन्न वर्षाला ८ लाखांच्या आत असलेल्या विद्यार्थ्याला व्यावसायिक अभ्यासक्रमाची निम्मी ट्यूशन फी सरकार देतं. प्रवेश कॅपमधून हवा, आणि कुटुंबातल्या पहिल्या दोन अपत्यांनाच. पठाण, सय्यद, मुल्ला, जो कुणी ओपनमध्ये आहे तो पात्र. मी कोल्हापूरच्या बाजूचा, म्हणून एक आगाऊ वाक्य बोलतो: ज्या राजाचं नाव या योजनेला आहे त्याने १९०६ साली कोल्हापुरात मुस्लिम मुलांच्या शिक्षणासाठी संस्था काढली, तिचं अध्यक्षपद स्वतः घेतलं आणि बोर्डिंग चालवलं. तेव्हा 'ही त्यांची योजना, आपली नाही' असं मला कुणी सांगू नका.

मुलींनी कान देऊन ऐका. जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी या प्रवर्गातल्या, ८ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या मुलींची व्यावसायिक अभ्यासक्रमांची ट्यूशन फी आणि परीक्षा फी पूर्ण माफ झाली. निम्मी नाही, पूर्ण. मॅनेजमेंट कोट्यातून किंवा संस्थेच्या पातळीवर प्रवेश घेतला तर नाही, कॅपमधूनच हवा. ओबीसीत असाल तर ओबीसीचा दाखला, नसाल तर ईडब्ल्यूएसचा. ईडब्ल्यूएस म्हणजे आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक. त्यात धर्माची अट नाही, पण तुमची जमात ओबीसीत असेल तर ईडब्ल्यूएस मिळत नाही. हे दोन्ही एकत्र करायचा प्रयत्न करू नका.

राज्याची अल्पसंख्याकांसाठीचीही शिष्यवृत्ती आहे, उच्च व व्यावसायिक शिक्षणासाठी, वर्षाला कमाल ५० हजार किंवा प्रत्यक्ष फी, जे कमी असेल ते. तिच्या जागा ठरलेल्या असतात, गुणवत्तेप्रमाणे यादी लागते. फीसाठी एका वेळी एकच योजना घेता येते, म्हणून हिशेब करून निवडा. समजा ट्यूशन फी ९० हजार आहे. शाहू महाराज योजनेत ४५ हजार मिळतील, अल्पसंख्याक योजनेत ५० हजार, पण यादीत नाव लागलं तर. फी सव्वा लाख असेल तर शाहू योजनेत साडेबासष्ट हजार, इकडे ५० हजारच. आणि तीच मुलगी असेल, ओबीसी किंवा ईडब्ल्यूएसचा दाखला असेल, तर सगळीच फी गेली. पाच मिनिटांचं गणित आहे, पण मी पाहिलेल्या दहातल्या आठ घरांत ते कुणी करत नाही. आणि लक्षात ठेवा, हे सगळं ट्यूशन फीचं. विकास शुल्क वेगळं असतं, ते मुलींच्या माफीतही येत नाही. होस्टेल-मेसच्या खर्चासाठी डॉ. पंजाबराव देशमुख निर्वाह भत्ता योजना आहे, ती फीच्या योजनेपेक्षा निराळी, तिचा अर्ज निराळा.

साधं बीए, बीकॉम, बीएस्सी करणारे म्हणतील आमचं काय. बारावीत बोर्डात वरच्या २० टक्क्यांत असाल आणि उत्पन्न साडेचार लाखांच्या आत असेल, तर केंद्राची कॉलेज विद्यार्थ्यांसाठीची शिष्यवृत्ती आहे. पदवीला वर्षाला १२ हजार. अर्ज नॅशनल स्कॉलरशिप पोर्टलवर. डिप्लोमा किंवा इंजिनिअरिंगच्या मुलींसाठी एआयसीटीईची प्रगती शिष्यवृत्ती वर्षाला ५० हजारांची.

आता ज्या गोष्टीपायी मी वर्ष घालवलं, तिथे येऊ. जात कशी सिद्ध करायची?

आपल्याकडे आडनावावरून काही कळत नाही. शेख आडनावाचा माणूस मन्यार असतो, पिंजारी असतो, अत्तार असतो. घरी लग्न जमवताना सगळ्यांना जमात बरोबर माहीत असते. शाळेत नाव घालताना मात्र मास्तर विचारतात जात काय, आपण सांगतो मुसलमान, आणि विषय संपतो. मग ओबीसीच्या दाखल्यासाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा मागतात, की तुमचे पूर्वज तेव्हा महाराष्ट्रात राहात होते आणि त्या जमातीचे होते. छप्परबंद, मदारी, गारुडी ही मंडळी विमुक्त-भटक्यांत येतात, त्यांच्यासाठी तारीख २१ नोव्हेंबर १९६१. त्यांना ओबीसीपेक्षा जास्त, म्हणजे पूर्ण फीची सवलत आहे, आणि सगळ्यात कमी अर्ज मला त्यांचेच दिसतात.

पुरावा कुठे असतो? आजोबांच्या शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये. आजोबा शाळेत गेले नसतील तर त्यांच्या भावाच्या, चुलत्याच्या. गावच्या जन्म-मृत्यूच्या नोंदीत, ज्याला जुनी माणसं कोतवाल बुक म्हणतात. तहसीलच्या रेकॉर्ड रूममध्ये ते असतं, नक्कल मिळते. माझ्या चुलतभावासाठी आम्ही तीन खेपा घातल्या. तिसऱ्या खेपेला १९४० च्या दशकातल्या एका मोडी नोंदीत 'बागवान' सापडलं. वाचून द्यायला मोडी जाणणारे एक निवृत्त गुरुजी शोधावे लागले. त्यांनी पैसे घेतले नाहीत, चहा घेतला. त्या एका नोंदीवर पुढे आमच्या घरातल्या चार पोरांचे दाखले झाले. घरात एकाचा दाखला झाला, पडताळणी झाली, की बाकीच्यांचं काम सोपं होतं.

हे काम अकरावीत करायचं. निकाल लागल्यावर नाही. कॅपच्या फॉर्मवर जो प्रवर्ग लिहाल तो पुढे सहजी बदलत नाही, हे मी स्वतः भोगलंय. जातीचा दाखला, त्याची पडताळणी, नॉन-क्रिमीलेयर, या तिन्हींना वेळ लागतो. उत्पन्नाचा दाखला मात्र ताजा लागतो, तो ३१ मार्चपर्यंतच चालतो. गाडेवाल्याला, रिक्षावाल्याला पगाराची स्लिप नसते, तिथे तलाठ्याच्या चौकशीवर तहसीलदार दाखला देतात. खरं उत्पन्न सांगा.

आता थोडं माझ्या धंद्याचं. महाडीबीटी पोर्टलवर अर्ज सबमिट केला की आपण समजतो काम झालं. सॉफ्टवेअरवाल्याच्या नजरेने बघा: तो अर्ज एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर जातो. कॉलेजचा क्लार्क, प्राचार्य, मग विभागाचं कार्यालय, मग मंजुरी, मग पैसे. कुठल्याही टेबलावरून तो त्रुटी दाखवून परत येऊ शकतो. परत आलेला अर्ज तुमच्या लॉगिनमध्ये पडून राहतो आणि मुदत संपते. दर आठवड्याला एकदा लॉगिन करून स्थिती बघा. नूतनीकरणाचा अर्ज दरवर्षी करावा लागतो, तो आपोआप होत नाही.

आणि सगळ्यात जास्त फोन मला ज्यासाठी येतात ते: 'मंजूर दिसतंय, पैसे आले नाहीत.' पैसे फॉर्ममध्ये लिहिलेल्या खात्यात जातात असं वाटतं. तसं नाही. ते आधारशी जोडलेल्या खात्यात जातात, आणि आधारशी डीबीटीसाठी एका वेळी एकच खातं जोडलेलं असतं, शेवटी जोडलेलं. एका मुलीचे पैसे सिमकार्ड घेताना उघडल्या गेलेल्या पेमेंट्स बँकेच्या खात्यात पडून होते. तिला असं खातं आहे हेच माहीत नव्हतं. आधारच्या संकेतस्थळावर बँक सीडिंगची स्थिती दोन मिनिटांत दिसते. खातं बंद पडलेलं असेल तर आधी बँकेत जा. आणि ओटीपी, पासवर्ड सायबर कॅफेवाल्याकडे ठेवू नका, तो कितीही ओळखीचा असला तरी. त्या ८३० संस्था अशाच दुसऱ्यांच्या कागदांवर चालल्या होत्या.

अजून एक अडचण, थोडी नाजूक. माझ्या एका मामूंनी मला विचारलं होतं, हे खैरातीचे पैसे कशाला घेतो? जकात घेणाऱ्यांत आपली गणना होईल का, अशी भीती असते घरांत. मी त्यांना म्हटलं, मामू, तुम्ही साबण घेता, चप्पल घेता, गाडीत पेट्रोल घालता, प्रत्येकावर कर भरता. गेली चाळीस वर्षं भरताय. त्यातलेच थोडे परत येतायत. मामूंना पटलं नाही. त्यांच्या नातवाचा फॉर्म मात्र त्यांनी माझ्याकडूनच भरून घेतला.

कर्जाचंही असंच. व्याजाचा प्रश्न ज्यांच्या घरी आहे त्यांच्याशी मी वाद घालत नाही. एवढंच म्हणतो की कर्ज शेवटी यावं. आधी फीमाफी, मग शिष्यवृत्ती, मग निर्वाह भत्ता, आणि तरीही कमी पडलं तर कर्ज. आपल्याकडे उलटं होतं: बांगड्या आधी जातात, अर्ज नंतर आठवतो.

माझ्या बहिणीची मुलगी यंदा अकरावी सायन्सला आहे. तिचे अब्बा अत्तार आहेत. जात वडिलांकडून लागते, म्हणून माझा बागवानाचा कागद तिच्या कामाचा नाही. पुन्हा पहिल्यापासून. गेल्या महिन्यात मी आणि बहीण तिच्या सासऱ्यांच्या गावच्या शाळेत गेलो होतो. रजिस्टरं माळ्यावर होती, शिपाई म्हणाला गुरुवारी या. येत्या गुरुवारी परत जाणार आहोत.

जेवणानंतर मी त्या कोपऱ्यातल्या टेबलावर लॅपटॉप घेऊन बसतो. आधार आणि ओटीपी येणारा मोबाईल ज्यांच्याकडे आहे त्यांनी या, सीडिंग बघून घेऊ. ज्यांना आपली जमात यादीत आहे की नाही ठाऊक नाही, त्यांनी तोवर घरी फोन करून आजोबांचं पूर्ण नाव, गाव आणि ते कुठल्या शाळेत होते ते विचारून ठेवा.