पुस्तके जोडीने वाचा

“कादंबरी नको, विचाराला चालना देईल असं काहीतरी सांगा,” ही मागणी ग्रंथालयाच्या खिडकीपाशी नेहमी ऐकू येते. सांगणारा मग आपल्या आवडीची दहा नावे घडाघडा म्हणून दाखवतो. ऐकणारा ती कागदावर टिपून घेतो आणि तो कागद हरवतो! म्हणून श्रोतेहो, मी लांबलचक यादी देणार नाही. एक सूचना मात्र करतो. एखाद्या विषयावरचे एकच पुस्तक आणू नका, दोन आणा. आणि शक्यतो एकमेकांशी न पटणारी आणा. एकट्या पुस्तकापुढे आपण नुसती मान डोलावतो. दोघांचा वाद लागला म्हणजे मध्ये आपल्याला बोलावंच लागतं.

त्रिंबक नारायण आत्रे यांचा ‘गावगाडा’ घ्या. पुस्तक १९१५ सालचे. आत्रे महसूल खात्यातले. दप्तरे चाळलेला, गावे पायाखाली घातलेला माणूस. पाटील, कुळकर्णी, बलुतेदार यांचे जगणे कसे चालते, कुणब्याच्या खळ्यावर रास पडली की कोण कोण कोणत्या हक्काने हात पुढे करतो, याचा इतका बारीक हिशेब दुसरीकडे मिळणे कठीण. जुने खेडे म्हणजे गुण्यागोविंदाने नांदणारे गोकुळ, हे जे चित्र आपण शाळेपासून मनात जपतो, ते या हिशेबापुढे टिकत नाही.

पण हाच साक्षेपी लेखक भटक्या जमातींकडे वळला की त्याची नजर बदलते. मग ती माणसे राहत नाहीत. गावावर पडलेला भार आणि बंदोबस्ताचा प्रश्न होतात. दोष एकट्या आत्र्यांचा नव्हे. १८७१ पासून इंग्रज सरकारनेच कायदे करून जमातीच्या जमाती जन्मतः गुन्हेगार ठरवल्या होत्या, आणि ते कायदे जायला १९५२ साल उजाडावे लागले.

म्हणून ‘गावगाडा’ मिटला की लगेच लक्ष्मण माने यांचे ‘उपरा’ उघडा. हे १९८० सालचे आत्मकथन. गाव तसाच, पण आता तो वेशीबाहेरून दिसतो. गाढवावर बिऱ्हाड, टोपल्या विणून पोट भरणारे कैकाडी कुटुंब, आणि पोराला शाळेत घालण्याचा बापाचा हट्ट. आत्र्यांनी ज्यांना बाहेरून मोजले, त्यांच्यातलाच एक जण इथे स्वतः बोलतो, आणि बोलताना आपल्या जातपंचायतीचीही भीड ठेवत नाही. चावडीवरून दिसले ते सगळेच खोटे होते काय? तसं म्हणता येत नाही. पण ते किती अपुरे होते, हे ‘उपरा’ वाचल्याखेरीज कळत नाही. मला विचाराल तर ही दोन पुस्तके वेगवेगळी वाचणाऱ्याने अर्धीच वाचली.

दुसरी जोडी महाभारतावरची. दुर्गा भागवतांचे ‘व्यासपर्व’ १९६२ चे, इरावती कर्व्यांचा ‘युगान्त’ १९६७ चा. दुर्गाबाई रसिकाच्या मनाने त्या माणसांजवळ जातात. इरावतीबाई मानववंशशास्त्रज्ञ, त्या विचारतात, खांडववन जाळलं तेव्हा त्यात राहत कोण होतं? अर्जुनाचा पराक्रम म्हणून ऐकत आलेली कथा एकदम अंगावर येते. घरातल्या वडीलधाऱ्यांना हे रुचेलच असे नाही. रुचले नाही तर दोन दिवस चर्चा होईल, एवढेच.

निसर्गाची आवड असेल तर दुर्गाबाईंचेच ‘ऋतुचक्र’ घ्या आणि शेजारी सलीम अलींचे भारतीय पक्ष्यांवरचे, १९४१ साली इंग्रजीत निघालेले पुस्तक ठेवा. एक पाहायला शिकवते, दुसरे ओळखायला. इथे भांडण नाही. पण जोडी चांगली आहे.

आणखी एक पुस्तक आहे, त्याला जोड शोधायला नको, कारण ते स्वतःच भांडायला उभे आहे. १८८१ साली सुरतेकडे विजयालक्ष्मी नावाच्या विधवेला अर्भकहत्येबद्दल फाशीची शिक्षा झाली. पुढे ती कमी करण्यात आली. त्यावरून बायकांच्या नीतीवर झोड उठली, तेव्हा बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी १८८२ मध्ये ‘स्त्री-पुरुष तुलना’ लिहिले. जे दोष बाईला लावता ते पुरुषात नाहीत काय, हा त्यांचा सवाल. जोतीराव फुल्यांनी त्यांची बाजू घेतली. पुढे पुस्तक विस्मरणात गेले, ते १९७५ साली स. गं. मालशे यांनी पुन्हा उजेडात आणले. भाषा घरातल्या बाईची, रागावलेली. मुद्दा सोडून मध्येच दुसरीकडे धावते, पण धार जात नाही. पुस्तक लहान आहे, एका संध्याकाळी वाचून होते. ग्रंथपालांकडे मागताना लेखिकेचे नावही सांगा. अंगाने बारीक असल्यामुळे जाड ग्रंथांच्या मागे बहुधा सरकलेले असते.