कपाटांतील रिती जागा

जुने भयपट व विज्ञानपट यांच्या तबकड्या जमविणाऱ्या रसिकास १९२२ चा जर्मन ‘नोस्फेराटू’ घरबसल्या पाहतां येतो. वास्तविक न्यायालयानें त्याच्या प्रती नष्ट करण्याचा हुकूम दिला होता. परदेशीं गेलेल्या प्रतींनीं तो तारला. ‘मेट्रोपोलिस’चा (१९२७) हरवलेला भाग २००८ सालीं ब्युनोस आयर्समध्यें सांपडला, तोही एका संग्राहकाच्या प्रतीवरून उतरलेला !

कोल्हापूरकराच्या कपाटांत मात्र एक जागा रितीच. बाबूराव पेंटरांच्या ‘सैरंध्री’तील (१९२०) कीचकवध इतका भयंकर वठला कीं, सरकारनें तो गाळावयास लाविला. आज तो प्रसंगच काय, उभा चित्रपटच उपलब्ध नाहीं. नायट्रेटची फीत क्षणांत पेट घेई. शिवाय खेळ संपल्यावर तिची किंमत ती काय! एखाद्या वाड्याच्या माळ्यावर तिचा गंजका डबा निघालाच, तर तो दिव्याजवळ नेऊं नये, आणि भंगारांत तर मुळींच घालूं नये.