जुनी तबकडी, नवी तबकडी



जॅझचं नाव काढलं की आमच्या गोरेगावच्या पारावर लोक हसतात. "गुरुजी, हिंगोलीकडं त्याचं काय काम?" मी विचारतो, वरातीच्या बँडातला ट्रंपेट ऐकलाय ना? मग निम्मं काम झालं.

१९५१ सालचा 'अलबेला' चित्रपट जुन्या मंडळींना आठवत असेल. संगीत सी. रामचंद्र यांचं. पुणतांब्यात जन्मलेला हा मराठी माणूस. त्यांच्या साथीला होते गोव्याच्या हळदोण्याचे आंतोनियो झेवियर वाझ. ताजमहाल हॉटेलात त्यांचा बँड वाजे; लोक त्यांना चिक चॉकलेट म्हणत. त्यांचा आदर्श अमेरिकेतला ट्रंपेटवादक लुई आर्मस्ट्राँग.

या आर्मस्ट्राँगनं १९२८ साली 'वेस्ट एंड ब्लूज' ध्वनिमुद्रित केलं. रचना त्याचे गुरू किंग ऑलिव्हर यांची. आरंभी ट्रंपेट एकटाच बोलतो. साथ नाही, ठेका नाही. तबला सुरू होण्याआधी आपला गवई आलापात राग उभा करतो ना, तसंच काहीसं. मग बाकीची वाद्यं येतात. हे मी सातवीच्या मुलांना मोबाइलवर ऐकवलं आणि लगेच 'अलबेला'तली गाणी लावली. पोरं न सांगता ताल धरू लागली.

इथवर माझी फुशारकी झाली. आता चूक सांगतो.

२०१८ साली माझ्या एका जुन्या विद्यार्थ्यानं पुण्याहून एक ध्वनिमुद्रण पाठवलं. "गुरुजी, जॉन कोल्ट्रेनचं नवं आलंय, ऐका." मी न ऐकताच कळवलं, "नव्यात काही राम नाही, बाबा." पोरगं दुखावलं. त्यानं पुढं काही पाठवलं नाही.

पुष्कळ दिवसांनी कळलं की ते वादन ६ मार्च १९६३ चं होतं! मूळ फीत नाहीशी झाली होती. कोल्ट्रेननं पत्नी नाइमा हिच्यापाशी दिलेली प्रत राहिली, म्हणून पंचावन्न वर्षांनी ते जगाला ऐकू आलं. काही रचनांना तर नावंही नाहीत, नुसते क्रमांक आहेत. त्यांतला सोप्रानो सॅक्सोफोन ऐकताना मला आपली सनई आठवली. याच कोल्ट्रेननं पुढं पंडित रविशंकरांवरून मुलाचं नाव रवी ठेवलं. तो मुलगाही आज सॅक्सोफोन वाजवतो.

म्हणजे मी ज्याला नवं म्हणून नाकारलं, ते माझ्याच आवडत्या काळातलं निघालं. आणि समजा, खरोखरच कालपरवाचं असतं, तरी न ऐकता बोलायचा मला काय अधिकार होता?

त्या विद्यार्थ्याला मी पत्र टाकलंय. लिहिलंय, दिवाळीला गावी ये. आजच्या वादकांचं तुला जे आवडतं ते घेऊन ये. आधी तुझं लावू, मग माझा आर्मस्ट्राँग. चहा आमच्याकडं.